चहा सांडलेला बोर्ड: मेन रेलवर १९ व्होल्ट येत नाहीत, चार्जर आयसी बदलू का?

सातारा_बेंच:

नमस्कार मंडळी. दुरुस्तीला आलेला १५ इंची इंटेल लॅपटॉप आहे, अडॅप्टर १९.५ व्होल्ट ६५ वॅटचा. कीबोर्डवर दुधाचा चहा सांडलाय आणि तो चांगलाच गोड असणार, कारण उघडला तेव्हा कीबोर्डच्या कनेक्टरपासून डीसी जॅकपर्यंत चिकट थर होता. मालकाने आधी तांदळात पुरून ठेवला होता, जॅकमधून दाणेसुद्धा निघाले. बॅटरी आणि बटन सेल काढून बोर्ड ९९ टक्के आयसोप्रोपिल आणि मऊ ब्रशने साफ केला, सुकवला. वरून आता लख्ख दिसतो. चार्जर आयसी (अडॅप्टर ओळखून त्याची वीज आत सोडणारी आणि बॅटरी चार्ज करणारी चिप) बीक्यू२४७३५ आहे, त्याच्या एका कोपऱ्याजवळ तेवढी हिरवट कड राहिली आहे.

बॅटरी न लावता, बेंच सप्लायवर १९.५ व्होल्ट आणि १ अँपियर लिमिट ठेवून घेतलेली मापं:

डीसी जॅक १९.५. अडॅप्टरची वीज चालू-बंद करणाऱ्या दोन मॉस्फेटपैकी (स्विचसारखे घटक) पहिल्याच्या ड्रेनवर (जॅककडच्या टोकावर) १९.५, दोन्ही मॉस्फेटच्या सामाईक सोर्सवर (दोघे जोडले आहेत तिथे) ०, मेन रेलवर (पुढे सगळ्या बोर्डाला वीज देणारी लाइन) ०.
आयसीची पिन २० (व्हीसीसी, आयसीचा सप्लाय) १९ च्या आसपास, पिन १६ (रेगएन, आतल्या रेग्युलेटरचं आउटपुट) ६.०, पिन ६ (एसीडेट, अडॅप्टर ओळखणारी) १.४, पिन ५ (एसीओके, ‘अडॅप्टर ठीक’ हा सिग्नल) ०.
सप्लायवरचा करंट जवळजवळ शून्य.
सप्लाय काढून मेन रेल ते ग्राउंड: आकडा चढत चढत ४० किलोओहमच्या वर जातो.
व्हीकोरच्या (सीपीयूच्या कोर सप्लायच्या) कॉइलवरून ग्राउंडला फक्त ४ ओहम.

प्रश्न असे: आयसी गेलाय असं धरून बदलू का? व्हीकोरचे ४ ओहम म्हणजे सीपीयू शॉर्ट आहे का? आणि ओळखीचे एक जण म्हणतायत, सरळ मेन रेलवर व्होल्टेज इंजेक्ट करून (बाहेरून घालून) बघ काय गरम होतंय. करू का?


फ्लक्सधारी:

आयसीला हात लावू नका. रोग रेड्याला आणि औषध पखालीला होईल. मापं व्यवस्थित घेतलीत, उत्तर त्यातच आहे.

हा आयसी एसीडेटवर ०.६ व्होल्टच्या वर काही दिसलं आणि व्हीसीसी हजर असला की रेगएनचे ६ व्होल्ट तयार करतो. तुमच्याकडे ते बरोबर ६.० आहेत, म्हणजे आतला रेग्युलेटर जिवंत आहे. पण दोन्ही मॉस्फेटचे गेट उघडायला एसीडेट २.४ आणि ३.१५ च्या मध्ये लागतं. १.४ ला आयसीच्या लेखी अडॅप्टर लावलेलाच नाही. त्यामुळे एसीओके खाली, गेट बंद, पुढे सगळं शून्य. आयसी त्याचं काम चोख करतोय, त्याला मिळणारी माहिती चुकीची आहे.

एसीडेट येतं अडॅप्टर लाइनवरच्या दोन रेझिस्टरच्या डिव्हायडरमधून (व्होल्टेज विभागून कमी करणारी जोडी). तुमच्या बोर्डाची स्किमॅटिक बघा. नेहमीची जोडी वर ४३० किलोओहम आणि खाली ६६.५ किलोओहम अशी असते. १९.५ ला त्यातून २.६ व्होल्ट यायला हवेत. १.४ येतात त्याची तीन कारणं असू शकतात: वरचा रेझिस्टर गंजून त्याची किंमत वाढली, एसीडेटवरून ग्राउंडकडे कुठून तरी गळती आहे, किंवा त्या पिनवरचा छोटा कपॅसिटर गळतोय. मीटरचा दोष नाही, १० मेगाओहम इनपुटच्या मीटरने या डिव्हायडरला काही फरक पडत नाही.

माझा पहिला संशय गळतीवर, आणि त्याचं कारण तुमच्या साफसफाईत आहे. साखर आयसोप्रोपिलमध्ये जवळजवळ विरघळत नाही. दुधातली प्रथिनं तर त्यात उलट घट्ट होतात. अल्कोहोल वरवरचा थर ब्रशने पुसून नेतं आणि उरलेला पाक आयसीच्या पोटाखाली सरकवतं. वरून बोर्ड चकाचक, खाली मात्र ओलावा धरून ठेवणारा थर. क्यूएफएन (पाय बाहेर नसलेल्या, बोर्डाला चिकटून बसणाऱ्या) आयसीखाली जागा केसाएवढी असते, ब्रश तिथे पोचतच नाही.

चहा, कॉफी, सरबत, कोल्ड्रिंक यांना आधी पाणीच लागतं. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर आणा, पाच लिटरचा कॅन पुरतो. हीटसिंक, फॅन, रॅम, एसएसडी, वायफाय कार्ड, बटन सेल, सगळं उतरवा. थर्मल पेस्ट पुसा. काळ्या टेप आणि कनेक्टरखालचे फोम काढाच, चहा सगळ्यात जास्त त्यांच्याखाली मुरतो. पाणी ४५ ते ५० अंश, त्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन-चार थेंब, बोर्ड दहा मिनिटं बुडवून ठेवा आणि मऊ ब्रश फिरवा. ४० किलोहर्ट्झचा अल्ट्रासॉनिक टब असेल तर प्रत्येक बाजूला ३ ते ४ मिनिटं बस. मायक्रोफोन बोर्डावरच बसवलेला असेल तर तो भाग टबात घालू नका. टबात आयसोप्रोपिल कधीही ओतू नका, तापलेल्या टबात त्याची वाफ पेटते. नंतर साध्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा खळबळून काढा, आणि मग आयसोप्रोपिल, ते पाणी हाकलण्यासाठी. ६० ते ६५ अंशांवर चार-पाच तास सुकवा. ड्रायरचा झोत नको, त्याने पाणी बीजीएखाली (पोटाखाली सोल्डरचे गोळे असलेल्या चिपखाली) ढकललं जातं.

धुण्याआधी एक माप लिहून ठेवा: सप्लाय काढून एसीडेट ते ग्राउंड किती ओहम. प्रोब उलटसुलट करून बघा. आकडा दर वेळी वेगळा आणि सरकता आला तर गळतीच समजा, कारण ओलसर क्षारांचा थर मीटरसमोर बॅटरीसारखा वागतो, साध्या रेझिस्टरसारखा नाही.


ओहमकाका:

फ्लक्सधारींशी सहमत. उरलेल्या दोन प्रश्नांचं सांगतो.

व्हीकोरचे ४ ओहम नॉर्मल आहेत. सीपीयूची कोर रेल धडधाकट बोर्डावरही काही ओहमच दाखवते, आणि मीटर बीप मोडवर असेल तर ओरडतोच. बीप ऐकून सीपीयू शॉर्ट ठरवणं बंद करा. ओहम रेंजवर मोजा, आधी दोन्ही प्रोब एकमेकांना लावून त्यांचा स्वतःचा ०.१-०.३ ओहम वजा करा. आकडा ०.० आला तर काळजी. रॅमची रेल, ३.३ आणि ५ व्होल्टच्या रेल यांना मात्र याहून बरंच जास्त दिसायला हवं.

इंजेक्शन कशासाठी? मेन रेल ४० किलोओहमच्या वर चढते आहे म्हणजे तिथे शॉर्टच नाही. कपॅसिटर चार्ज होतायत म्हणून आकडा चढतो. शॉर्ट नसलेल्या रेलवर बाहेरून व्होल्टेज घातलं तर काही गरम होणार नाही, आणि सप्लायची नॉब चुकून फिरली की नवं दुखणं.

पुढे कधी खरा शॉर्ट मिळाला तरी हा क्रम सोडू नका. मेन रेलवरून प्रत्येक बक कन्व्हर्टरच्या (१९ व्होल्ट उतरवून छोट्या रेल बनवणाऱ्या सर्किटच्या) कॉइलपर्यंत ओहम मोजा. समजा मेन रेल ते ग्राउंड ४ ओहम आले आणि मेन रेल ते व्हीकोर कॉइल ०.० आले, तर शॉर्ट ग्राउंडला नाहीच, व्हीकोरचा वरचा मॉस्फेट आरपार झालाय आणि तुम्ही त्यातून सीपीयू मोजताय. अशा बोर्डाला अडॅप्टर लावला की १९ व्होल्ट थेट सीपीयूत. म्हणून इंजेक्शन १ व्होल्टनेच सुरू करायचं, करंट लिमिट आधी १ अँपियर, मग हळूहळू ३ पर्यंत. सीपीयूची रेल साधारण तेवढ्यावरच चालते, त्यामुळे चुकीच्या वाटेने गेलं तरी १ व्होल्टला तो वाचतो. ५ किंवा १२ व्होल्ट सरळ घालणाऱ्यांचे बोर्ड मग डोनर म्हणून (सुटे भाग काढण्यापुरते) विकायला येतात.

थर्मल कॅमेरा नसेल तर बोर्डावर आयसोप्रोपिलचा पातळ थर पसरा, शॉर्ट झालेल्या घटकावरून तो सगळ्यात आधी उडतो. पाण्याने गेलेल्या बोर्डावर तो बहुतेकदा सिरॅमिक कपॅसिटर निघतो. मेन रेलवर २५ व्होल्ट किंवा वरचाच बसवा. १६ व्होल्टचा त्याच आकाराचा मिळतो आणि काही दिवस चालतोही, म्हणून जास्त धोकादायक.


सातारा_बेंच:

धन्यवाद दोघांनाही. सांगितल्याप्रमाणे केलं, मापं देतो.

धुण्याआधी एसीडेट ते ग्राउंड ४५ किलोओहम, प्रोब उलटले की वेगळा आणि आकडा सरकत होता. धुऊन सुकवल्यावर ६० वर स्थिर. सप्लाय लावला तर एसीडेट १.४ चं १.९ झालं, पण २.४ ला पोचत नाही.

वरचा रेझिस्टर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. एका टोकाला सोल्डर काळवंडलेला, टोपी अर्धवट खाल्लेली. स्किमॅटिकमध्ये ४३० किलोओहमच आहे. उचलून मोजला तर ६१० निघाला. खालचा ६६.५ ठीक आहे. पेटीत ३३० आणि ४७० आहेत, ४३० नाही. ४७० चालेल का?


फ्लक्सधारी:

हिशोब जुळतोय. ६१० वर आणि ६६.५ खाली धरलं तर १.९ च येतात. म्हणजे गळती आणि खराब रेझिस्टर, दोन्ही होते. गळती धुऊन गेली, रेझिस्टर उरला.

४७० घातला तर १९.५ ला २.४२ येतील. अगदी काठावर. लोड पडून अडॅप्टरचं व्होल्टेज जरासं बसलं की एसीडेट खाली घसरेल, लॅपटॉप चार्जिंग सोडेल, धरेल, सोडेल. आठवड्यात परत येईल. ३३० घातला तर ३.२७ येतात, ते ३.१५ च्या वर, म्हणजे आयसी ओव्हरव्होल्टेज समजून गेट उघडणारच नाही. दोन्ही नकोत. डोनर बोर्डावर बहुतेक वेळा हीच जोडी सापडते, तिथून काढा, नाहीतर मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या गल्लीत विचारा. १ टक्क्याचाच घ्या, ५ टक्क्यांचा घेतला तर एसीडेट पुन्हा २.४ च्या काठाकडे सरकू शकतं. तोपर्यंत तपासणीपुरतं ३३० आणि १०० सिरीजमध्ये उभे करून पाहता येईल.

बसवण्याआधी पॅड बघा. फायबरग्लास पेनने काळा थर हलकेच खरवडा, खाली तांब्याचा रंग दिसायला हवा. पॅडखालचा ट्रेस विरघळलेला असतो पुष्कळदा. जास्त व्होल्टेजच्या बाजूचं तांबं आधी खाल्लं जातं, आणि हा रेझिस्टर १९ व्होल्टच्या लाइनवर बसलाय. ट्रेस तुटला असेल तर ०.१ मिलिमीटरची इनॅमल वायर, ३५० अंशांच्या टोकदार बिटने, भरपूर फ्लक्स, वर यूव्ही मास्क (अतिनील प्रकाशाने कडक होणारा लेप). कारखान्याचा सोल्डर शिशाविना असतो आणि २१७ च्या पुढे वितळतो; त्यात थोडा ६३/३७ (कथिल-शिसं) सोल्डर मिसळून घेतला की पॅड उचकटत नाही.


सातारा_बेंच:

डोनरवरून ४३० मिळाला. एसीडेट २.६, एसीओके वर, मेन रेल १९.५. ३.३ आणि ५ व्होल्टच्या स्टँडबाय रेलही आल्या. सप्लायवर आता ०.०२ अँपियर दिसतात. पण पॉवर बटन दाबलं की काहीच नाही, ०.०२ चे ०.०२.


दापोलीकर:

बोर्ड आता कंट्रोलरपर्यंत आलाय, म्हणजे ईसीपर्यंत (पॉवर बटन आणि कीबोर्ड सांभाळणारी चिप). चहा कीबोर्डवर सांडलाय हे विसरू नका, तिथूनच पुढे जा.

पहिलं: कीबोर्डचा पट्टा काढून ठेवा. कीबोर्डच्या पडद्यात चहा भिनला की ओळी-स्तंभ आपापसात शॉर्ट होतात आणि त्या सगळ्या लाइन थेट ईसीवर जातात. ईसीला एखादं बटन सतत दाबलेलं दिसतं. पॉवर बटन कीबोर्डमध्येच असेल तर कनेक्टरवरची ती पिन शोधा. तिच्यावर ३.३ असायला हवेत, आणि चिमट्याने क्षणभर ग्राउंडला लावली की बटन दाबल्यासारखं होतं. ३.३ ऐवजी १-२ व्होल्ट मिळाले तर पुन्हा गळती.

दुसरं, आणि याकडे फार कमी लोक बघतात: झाकणाचा हॉल सेन्सर (चुंबकावरून झाकण बंद आहे का ते ओळखणारा). तीन पायांचा बारीक घटक, बोर्डाच्या कडेला किंवा छोट्या बोर्डावर. झाकण उघडं असताना आउटपुटवर ३.३ हवेत. खाली बसला असेल तर ईसीला झाकण बंद वाटतं आणि तो पॉवर बटनाला दाद देत नाही. आउटपुटला पुलअप (लाइन ३.३ कडे ओढणारा रेझिस्टर) आहे का ते स्किमॅटिकमध्ये बघून सेन्सर उचलून टाका, लाइन वर जाईल.

हे दोन्ही ठीक असेल तरच पुढचा क्रम लावा: ईसीकडून आरएसएमआरएसटी (चिपसेटला रीसेटमधून सोडणारा सिग्नल) वर जाते का, मग बटन दाबल्यावर चिपसेटकडून एसएलपी एस४ आणि एस३ (झोपेतून उठल्याचे सिग्नल) वर येतात का, मग रॅमची रेल, मग ३ आणि ५ व्होल्टच्या एस० (लॅपटॉप पूर्ण चालू असतानाच्या) रेल, शेवटी व्हीकोर. जिथे साखळी तुटते त्याच्या आधीच्या सिग्नलवर काम करा, नंतरच्या नाही. व्हीकोर येत नाही म्हणून व्हीकोरचा आयसी बदलणारे बरेच असतात, आणि त्याला एनेबलच (चालू हो हा सिग्नल) मिळालेलं नसतं.

बायोस चिपच्या पायांत गंज दिसला तर लिहिण्याआधी जुना डंप (चिपमधल्या सगळ्या डेटाची प्रत) वाचून जपून ठेवा, दोनदा वाचून दोन्ही फाइल जुळवून. सिरियल नंबर, विंडोजची की, मॅनेजमेंट इंजिनचा भाग, सगळं त्यात आहे. आणि काळ्या सीएच३४१ए प्रोग्रामरच्या डेटा लाइनवर ५ व्होल्ट येतात, चिप ३.३ किंवा १.८ ची असते. लेव्हल बदलून घेतल्याशिवाय लावू नका.


वाईकर_नेट:

मध्येच विचारतो, डेटा महत्त्वाचा असेल तर बोर्ड चालू होईपर्यंत थांबायचं का?


दापोलीकर:

नाही. एसएसडी सुटी असेल तर ती काढून कनेक्टर साफ करा आणि यूएसबीच्या एन्क्लोजरमधून वाचा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की लागेल. मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ती बहुतेकदा सापडते. ती आधी मागून ठेवा. एसएसडीचे चिप बोर्डावरच सोल्डर केलेले असतील तर मात्र बोर्ड जिवंत करण्याला पर्याय नाही, आणि मग रेटही त्या हिशोबाने सांगा.


सातारा_बेंच:

हॉल सेन्सरच होता. आउटपुटवर ०.३ मिळत होते. पाय काळे पडलेले. पुलअप आहे हे बघून उचलला, लाइन ३.३ झाली, बटन दाबताच करंट वर गेला आणि फॅन फिरला. बाहेरच्या मॉनिटरवर चित्र येतंय. स्वतःच्या स्क्रीनवर टॉर्च मारला तर अंधुक दिसतं, म्हणजे बॅकलाइट नाही.


ओहमकाका:

आधी सप्लाय काढा, बॅटरीही सुटी, आणि मगच स्क्रीनचा पट्टा उपसा. चालू बोर्डावर तो कनेक्टर हलवू नका, बॅकलाइटचे १९ व्होल्ट शेजारच्या पिनवर उतरतात.

३० पिनी ईडीपी (स्क्रीनच्या पट्ट्याच्या) कनेक्टरवर पिन २६ ते २९ बॅकलाइटचा सप्लाय, २२ एनेबल, २३ पीडब्ल्यूएम (उजेड कमी-जास्त करणारा सिग्नल). मेन रेलवरून २६ कडे जाताना एक बारीक फ्यूज लागतो. एका बाजूला १९ आणि दुसरीकडे शून्य असेल तर तो उडालाय. नवा बसवायच्या आधी कनेक्टरच्या बाजूने ग्राउंडला मोजा, मग पट्टा लावून पुन्हा मोजा. पट्टा लावल्यावरच शॉर्ट आला तर गडबड पट्ट्यात किंवा पॅनलमध्ये. तिथे वायरचा तुकडा ठेवून फ्यूज बायपास करू नका, पुढच्या वेळी पट्टा जळेल.

फ्यूज शाबूत असेल तर २२ आणि २३ वर काय येतं ते बघा. कनेक्टरच्या दोन पिनांमधलं प्लास्टिक काळं पडलं असेल तर ते कितीही धुतलं तरी गळत राहतं. तो कनेक्टर बदलायचाच.

आणि हॉल सेन्सर तसाच काढलेला ठेवून देऊ नका, झाकण बंद केल्यावर लॅपटॉप झोपणार नाही आणि पिशवीत तापेल. त्याच पिनआउटचा नवा बसवा. कीबोर्ड नवाच लागेल, चहाचा कीबोर्ड धुऊन परत लावला की तोच पाक ईसीकडे येतो. बॅटरीच्या कनेक्टरमध्ये किंवा पॅकच्या शिवणीत ओल दिसली असेल तर ती जोडूच नका. तशी नसेल तरी पहिलं चार्जिंग समोर बसून करा, बेंच सप्लायवर करंट बघत.


सातारा_बेंच:

फ्यूजच उडाला होता. कनेक्टरच्या बाजूने शॉर्ट नाही, पट्टा लावूनही नाही. उद्या फ्यूज, सेन्सर आणि कीबोर्ड घेऊन येतो.


दापोलीकर:

आणताना बटन सेलही आणा. आणि ग्राहकाला देण्याआधी आयसीच्या त्या हिरव्या कोपऱ्याकडे एकदा परत सूक्ष्मदर्शकातून बघा, विशेषतः जवळच्या व्हायांकडे (बोर्डाचे थर जोडणारी तांब्याची बारीक भोकं). काळा ठिपका झालेला व्हाया आज जोडलेला असतो, पावसाळ्यात सुटतो. आमच्याकडे समुद्राच्या हवेला तर त्याला पावसाळ्याचीही गरज लागत नाही.